ब्लॅक फाइव्हविरुद्ध तक्रार

"इथे तक्रार करताना जपून हं," विभाताई मला म्हणाली होती. "आपल्याकडे तक्रार केली की काही होत नाही. इथे केली की सगळंच होतं."

आम्ही तेव्हा जपानात, हिगाशी-कसाईत, नुकतेच राहायला आलो होतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी पहाटे वॉशिंग मशीन लावायचं, म्हणून मी तावातावाने बिल्डिंगच्या ऑफिसात निघाले होते. आमच्याच बिल्डिंगमधल्या विभाताईचं लग्नापासूनचं सगळं आयुष्य इथेच गेलंय. तिने मला लिफ्टपाशी गाठलं. मी हसले. म्हटलं, "विभाताई, मी कोथरूडची आहे. ड्रेनेजसाठी मी नगरसेवकाला जेवणाच्या ताटावरून उठवून आणलंय."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "इथे तो नगरसेवक नाहीये. इथे माणसं पहिल्याच वाक्याला उठतात."

मला तो विनोद वाटला. नवऱ्याला, अंबरीषला, रात्री सांगितला, तोही हसला. वॉशिंग मशीनचं पुढे मी विसरून गेले, कारण आमच्या लेकीला, मैथिलीला, ताप आला. त्या काळात मला मैथिलीशिवाय काही सुचत नसे. अजूनही फारसं सुचत नाही. माझ्या पर्समध्ये थर्मामीटर असतो, सॅनिटायझर असतो, तिचे जादाचे मोजे असतात. अंबरीष म्हणतो, "तू बाहेर पडतेस तेव्हा ॲम्ब्युलन्स निघाल्यासारखं वाटतं."

आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी नदीकाठी एक बाग आहे. तिच्या एका कोपऱ्यात वितीपेक्षाही अरुंद असे रूळ टाकलेत. महिन्यातल्या ठरावीक रविवारी छंदिष्ट म्हाताऱ्यांचा एक क्लब आपापली छोटी इंजिनं तिथे आणतो आणि मुलांना फुकट फिरवतो. मुलं घोड्यावर बसल्यासारखी पाय टाकून बसतात. चालवणाराही तसाच, इंजिनामागे. बहुतेक इंजिनं बॅटरीची. खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालणारं एकच होतं, तोकिता-सानांचं.

तोकिता-सान ऐंशीच्या घरातले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. तरुणपणी ते कोबेच्या एका जहाजाच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि कंपनीने त्यांना शिकायला इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका गोदीत पाठवलं होतं. इंग्रजी येत नव्हतं, जेवण घशाखाली उतरत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते जंक्शनवर जाऊन बसायचे. इंग्लंडमधली वाफेची इंजिनं मोडीत निघण्याचा तो शेवटचा काळ. जी उरली होती त्यांतली बरीचशी 'ब्लॅक फाइव्ह'. काळी, म्हणून ब्लॅक, आणि ताकदीच्या पाचव्या वर्गातली, म्हणून फाइव्ह. अशी आठशेहून जास्त बांधली होती म्हणे. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्यातलंच एक, माझ्या गुडघ्यापेक्षाही बुटकं, पण खरोखर पाणी उकळवणारं, स्वतःच्या हातांनी बनवलं. बनवायला कितीतरी वर्षं लागली.

हे सगळं मला मैथिलीकडून कळलं. मी जपानी क्लासला जाते, पण तोकिता-सान जपानी बोलतात ते मला अर्धंच समजायचं. मैथिली बालवाडीतून जपानी घेऊन आली होती. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि फारच गरज पडली तर आमच्यावर उपकार म्हणून मराठीत.

"आई, ह्याला नाव नाहीये," एकदा तिने मला सांगितलं. "मोठ्या मोठ्या इंजिनांना नाव असतं. राजा, राणी. ह्याला फक्त नंबर."

"का गं?"

तिने तोकिता-सानांना विचारलं. त्यांनी काळ्या हातमोज्याने चष्मा वर सरकवला आणि तिला काहीतरी बराच वेळ सांगितलं.

"कारण ह्याला सगळी कामं असतात," ती म्हणाली. "सकाळी मासे न्यायचे. मग माणसं न्यायची. मग कोळसा. मग शाळेची ट्रिप. हा नाही म्हणत नाही."

तोकिता-सान माझ्याकडे बघून हसले. मालगाडीलाही जोडा, प्रवासी गाडीलाही जोडा, असं ते इंजिन, हे मला घरी गेल्यावर वाचून कळलं. मैथिलीने मात्र तेवढ्यावर ठरवून टाकलं की बॅटरीच्या गाड्या खोट्या. ती फक्त ब्लॅक फाइव्हच्या रांगेत उभी राहायची. आणि तोकिता-सान शिट्टी वाजवायची दोरी तिच्या हातात द्यायचे. बाकी कुणाला देताना मी पाहिलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता तरी उकाडा हटत नव्हता. मैथिलीने हट्टाने बिनबाह्यांचा फ्रॉक घातला होता. रांगेच्या तोंडाशी ओनुकी-सान उभ्या होत्या. क्लबातल्या त्या एकट्याच बाई, बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या. त्यांच्या हातात नेहमी एक टोपली असे आणि टोपलीत कापडी बाह्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक लावलेल्या. वाफेच्या गाडीत बसणाऱ्या मुलांनी उघड्या हातांवर त्या चढवायच्या. एरवी मैथिली पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत असे, म्हणून आमच्यावर ती वेळ आली नव्हती.

"कोळशाचे कण उडतात," ओनुकी-सानांनी स्वतःच्या हातावर बोटं टपटप आपटून दाखवलं.

मी टोपलीत पाहिलं. बालवाडीत त्या आठवड्यात हातापायांवर फोड येण्याची साथ होती. ह्या बाह्या किती मुलांच्या घामेजलेल्या हातांवर चढल्या असतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी हसून मान हलवली. नको, चालेल. त्यांनी टोपली आणखी जरा पुढे केली. मी परत नको म्हटलं, आणि उगाच मैथिलीचे हात सॅनिटायझरने पुसले. ओनुकी-सान वाकल्या आणि बाजूला झाल्या.

पुढच्या वळणावर चढ आहे. तिथे इंजिन नेटाने ओढतं, धूर दाट होतो. मी बाजूने चालत व्हिडिओ काढत होते. मैथिलीने मला बघून हात उंच केला, आणि तसाच आखडून घेतला.

"आ!" एवढंच म्हणाली.

मी किंचाळले. मराठीत. "थांबवा! अहो थांबवा!" तोकिता-सानांनी गाडी थांबवली, आणि त्या वयात ते उठून धावत मागे आले, पाण्याची बाटली घेऊन. मैथिलीच्या हातावर मोहरीएवढा लाल ठिपका होता. त्यांनी त्यावर पाणी ओतलं, स्वतःच्या गळ्यातला टॉवेल भिजवून धरला, पुन्हा पुन्हा माफी मागितली. मैथिली रडत नव्हती. तिने माझा चेहरा पाहिला, आणि मग रडायला लागली.

रांगेतल्या सगळ्या आया बघत होत्या. ओनुकी-सान टोपली घेऊन तिथेच उभ्या होत्या.  आता त्या बोलतील, असं मला वाटलं. म्हणतील, मी दिल्या होत्या, ह्यांनीच घेतल्या नाहीत. आणि मी, जी कुणाच्याही घरी गेले की आधी खिडक्यांचे गज तपासते, ती इतक्या बायकांसमोर निष्काळजी आई ठरेन. त्या बोलायच्या आत आपण बोललं पाहिजे, एवढंच मला सुचलं.

बागेच्या ऑफिसच्या खिडकीत एक तरुण कारकून होता. मी फोनवरचं भाषांतराचं ॲप त्याच्यासमोर धरलं आणि मराठीत सांगितलं, माझी मुलगी भाजली आहे. निखारा अंगावर पडला. डोळ्यात गेला असता तर? सुरक्षेची काही व्यवस्थाच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातात जळती भट्टी देता आणि त्यामागे लहान मुलं बसवता, हे काय आहे? भाषांतर अगदी चोख होत होतं. कारकून उठून उभा राहिला.

"कुठल्या दवाखान्यात नेलं?" त्याने विचारलं.

"नेतोय आता," मी म्हटलं. आम्ही नेलं नाही. घरी जाऊन तूप लावलं.

"आपला संपर्क संबंधितांना दिला तर चालेल?"

मी नाव दिलं, पत्ता दिला, अंबरीषच्या कंपनीचं नाव आणि त्याचं पदसुद्धा दिलं. पुण्यात देतो तसं, वजन पडावं म्हणून. दहा गोष्टी वाढवून सांगितल्या की त्यातली एक ऐकली जाते, ह्या हिशेबाने मी बोलत होते. त्याने दहाच्या दहा लिहून घेतल्या.

त्यानंतरचा रविवार आला तेव्हा रुळांवर पिवळी दोरी बांधलेली होती. वाफेची गाडी तूर्त बंद, आणि तपासणी होईपर्यंत बॅटरीच्याही. बालवाडीच्या आयांच्या ग्रुपवर त्या दिवशी फार हळहळ झाली. एकीने लिहिलं, "कुणीतरी तक्रार केली म्हणे." दुसरीने लिहिलं, "अशा पालकांमुळेच सगळं बंद होतं." त्याखाली सगळ्यांनी रडके चेहरे टाकले.

मीही टाकला.

दुपारी विभाताईचा फोन. "काय गं, बागेतली गाडी बंद झाली म्हणे? कोण ही बया?"

"काय माहीत," मी म्हटलं. "असेल कुणीतरी."

 विभाताईला मी ओळखते आणि तीही मला. "बरं," ती म्हणाली, "मैथिलीला दुसरीकडे ने कुठे," आणि फोन ठेवला.

ऑक्टोबरात एका सकाळी दाराची बेल वाजली. अंबरीष तोयोसुला ऑफिसात गेला होता. मैथिलीला सर्दी, म्हणून ती घरी. बेलच्या छोट्या पडद्यावर मला एक काळा सूट घातलेला म्हातारा माणूस दिसला. टायही होता. मी आधी ओळखलंच नाही, कारण तोकिता-सानांना मी काजळीने माखलेल्या निळ्या कपड्यांखेरीज पाहिलं नव्हतं. दार न उघडावं असंही एकदा मनात आलं. मैथिली माझ्या काखेतून डोकावली आणि ओरडली, "तोकिता-सान!" मग इलाज नव्हता.

ते आत आले नाहीत. दाराशी चपला काढायच्या खोलगट जागेत उभे राहिले आणि कंबरेतून वाकले. ते वर यायची मी वाट पाहत राहिले, आणि ते वर येत नव्हते. त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस मला दिसत होते. आजोबांच्या वयाचा माणूस असा समोर वाकला की आपण काय करायचं असतं? आपल्याकडे आपण वाकतो. मी अर्धवट त्यांच्या पायांकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"आपल्या मुलीला माझ्यामुळे दुखापत झाली," ते सावकाश म्हणाले, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत. "यायला उशीर झाला, त्याचीही माफी असावी. आपल्याकडे यायची परवानगी ऑफिसने काल दिली."

त्यांनी एक पिशवी पुढे केली. तीत भारी मिठाईचा डबा होता आणि औषधाच्या दुकानातली एक ट्यूब, डाग राहू नयेत म्हणून लावायची.

"जखम बघू शकतो का?"

मी मैथिलीचा हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत बघितलं. मग दुसरा हात बघितला. कुठला हात होता तेही मला आठवेना. कुठेच काही नव्हतं.

"ते तर त्याच दिवशी गेलं," मैथिली त्यांना जपानीत म्हणाली. एवढं जपानी मला कळत होतं. "तोकिता-सान, शिट्टी?"

त्यांनी तिच्या दोन्ही हातांकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता त्यांना राग येईल. यावा, असंही वाटलं. ते खाली बसले, तिच्या उंचीला आले आणि म्हणाले, "बरं झालं. फार बरं झालं." त्यांचा चेहरा खरोखर सुटल्यासारखा झाला होता. "इंजिन सध्या विश्रांती घेतंय."

"कधी उठणार?"

ते नुसते हसले.

बोलायची वेळ तीच होती. बाह्या मी नाकारल्या, मी वाढवून सांगितलं, ही वाक्यं काही अवघड नव्हती. क्लासच्या पुस्तकात ह्याहून अवघड वाक्यं होती. मी "थांबा, चहा करते" असं म्हटलं. ते नको म्हणाले, परत वाकले, आणि गेले. मिठाईचा डबा माझ्या हातात राहिला. मी तो घेतला होता, दोन्ही हातांनी, इथल्या पद्धतीप्रमाणे.

संध्याकाळी अंबरीषने तो ओट्यावर पाहिला. "वा, कोण आलं होतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. टोपलीचंसुद्धा. तो सोफ्यावर बसून ऐकत होता, एका पायात मोजा, एक हातात.

"तू माझ्या कंपनीचं नाव दिलंस?"

"अरे, तेवढंच ऐकलंस का तू?"

"नाही गं, सगळं ऐकलं. पण आमच्या ऑफिसातले मोरिता-सान मला मागच्या आठवड्यात विचारत होते, मुलगी कशी आहे. मी म्हटलं, मस्त. ते चकित झाले. बागेवाल्यांनी कंपनीत चौकशी केली असणार." त्याने मोजा खाली टाकला. "आता उद्या जा आणि ते मागे घे. मागे घेता येत असेल ना?"

"येत असेल."

"मग झालं. एवढं काय?"

बागेच्या ऑफिसात जायला मला नोव्हेंबर उजाडला. तोच कारकून होता. मला बघून तो पुन्हा उठला. ह्या वेळी मी ॲप काढलं नाही, पाठ करून गेले होते. मुलगी बरी आहे, चूक माझी होती, तक्रार मागे घेते.

त्याने सगळं ऐकलं आणि मला धन्यवाद दिले. मग फार नम्रपणे सांगितलं, की मागे घेण्यासारखं काही राहिलेलं नाही. गाडी माझ्यामुळे थांबलेली नाही. धोका लक्षात आणून दिल्यावर तो नाही असं आता म्हणता येत नाही. शिवाय कोळशाची गाडी क्लबने स्वतःहूनच थांबवली आहे. "आपण काळजी करू नये," तो म्हणाला. "उलट आपले आभार." आणि तो वाकला. मी मागे वळून बघितलं, कुणी ओळखीचं तर नाही ना.

रुळांपाशी ओनुकी-सान पानं झाडत होत्या. गाडी बंद, तरी रूळ झाडायचे. मी जवळ गेले. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"बाह्यांच्या बाई," त्या म्हणाल्या.

मला वाटलं जमीन दुभंगावी. म्हटलं, "तुम्हाला आठवतंय?"

"दर शनिवारी मी त्या गरम पाण्यात धुते. इस्त्री करते." त्यांच्या आवाजात चीड नव्हती. "मुलांचं काय, सर्दी असते, काय काय असतं. धुवाव्याच लागतात."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत? ऑफिसात. की मी घेतल्या नाहीत?"

"तोकिता-सान नको म्हणाले. माझं आणि त्यांचं भांडण झालं त्यावरून." त्या थोडं थांबल्या, मला समजतंय ना ते पाहिलं. "ते म्हणाले, उघड्या हातांचं मूल गाडीवर बसलंय हे चालवणाऱ्याने बघायचं असतं. मी बघितलं नाही. मी शिट्टीकडे बघत होतो. तिला दोरी द्यायची होती ना."

 त्यांनी झाडू पुन्हा घेतला.

"आणि आता?" मी विचारलं. "ते कधी येतील?"

"ते कोबेला गेले. गेल्या आठवड्यात. क्लब सोडला." त्या झाडत झाडतच बोलत होत्या. "इथलं त्यांचं घर भाड्याचं. इंजिनासाठीच ते ह्या भागात राहत होते, हे रूळ जवळ म्हणून. आता कशाला राहतील? तिकडे सरकारी घरांत तळमजल्यावर एक खोली मिळाली. इंजिनही नेलं. चार माणसांनी उचलून टेम्पोत चढवलं आम्ही. तिथे रूळ नाहीत."

वसंतात बागेतली गाडी पुन्हा सुरू झाली, हेही सांगायला हवं. बॅटरीवरची. एक हिरवी शिंकानसेन बुलेट ट्रेनसारखी आहे, एक पिवळी. नवे फलक लागलेत, रांगेला कठडा आलाय. मुलं खूश आहेत. ग्रुपवर आयांनी नाचणारे चेहरे टाकले. कारकून मला ओळखतो आणि दुरून मान लववतो. मैथिली पिवळ्या गाडीत बसली, एक फेरी मारून उतरली, आणि म्हणाली, "हिला वास नाहीये." पुन्हा बसायला मागितलं नाही. तोकिता-सानांचं आता ती विचारत नाही. मुलं विसरतात, असं विभाताई म्हणाली. विभाताईला मी हिवाळ्यात सगळं सांगितलं. "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

ओनुकी-सान दर महिन्याला तोकिता-सानांना फोन करायच्या. मे महिन्यात एकदा मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले होते तेव्हा त्यांनी फोन लावला आणि मला विचारलं, "बोलता?"

मला बोलायचंच होतं. तेवढ्यासाठी तर मी त्यांच्याशी ओळख वाढवली होती, खरं सांगायचं तर. फोन हातात आला. मी माझं नाव सांगितलं.

"मुलीचा हात कसा आहे?" पलीकडून लगेच.

"हात छान आहे. हाताला फारसं काही झालंच नव्हतं. तोकिता-सान, बाह्या मी नको म्हटल्या. ओनुकी-सानांनी दोनदा दिल्या. ऑफिसात मी खोटं बोलले. चूक माझी आहे."

एका दमात म्हटलं. बाकावर ओनुकी-सान बुटांकडे बघत होत्या.  फोनमध्ये लांबून कुठल्यातरी स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"आपल्याला इतके महिने हे मनात ठेवावं लागलं," ते म्हणाले. "माझ्यामुळे. फार वाईट वाटतं. माफ करा."

"नाही, नाही, तुम्ही नाही, मी..."

"माफ करा," ते पुन्हा म्हणाले. आणि मला खात्री आहे, त्या खोलीत फोन कानाला लावून ते वाकले असतील. बोलणं आणखी वाढू नये म्हणून मीच घाईने विचारलं, इंजिन कसं आहे. "पाणी काढून ठेवलंय," ते म्हणाले. "परत पेटवलं नाही. शेजाऱ्यांना धुराचा त्रास होईल."

फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की घरी जाताना मी कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानात थांबून आइस्क्रीम घेतलं. उभ्या उभ्या खाल्लं. ह्या सगळ्या प्रकरणात मला कशाची सर्वांत जास्त लाज वाटत असेल, तर त्या आइस्क्रीमची.

कारण त्यानंतर ते फोन उचलत नाहीत. जूनमध्ये ओनुकी-सानांनी लावला, नुसता वाजत राहिला. जुलैत तसंच. एकदा उचलला आणि "ठीक आहे, ठीक आहे, माझी चिंता नको" एवढं म्हणून ठेवला, आवाज खोल गेलेला. ऑगस्टच्या उकाड्यात पुन्हा नुसती रिंग. ओनुकी-सानांचे गुडघे गेलेत, त्यांना जिना चढवत नाही, प्रवास तर दूरच. क्लबातले इतर म्हणतात, माणसाला एकटं राहायचं असेल तर राहू द्यावं. हा इथला शहाणपणा असेलही.

मी कोबेचं तिकीट काढलं होतं. अंबरीषने सुट्टी टाकली होती, मैथिलीची सोय विभाताईकडे. आदल्या दिवशी मी ते रद्द केलं. मी दारात दिसले की ते काय करतील ते मला माहीत आहे. उठतील, आजारी असले तरी उठतील, सूट शोधतील, आणि वाकतील. त्यांच्याकडून आणखी एकदा ते करवून घेण्याची माझी हिंमत नाही.

आपल्या मंडळाचा हा अंक वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जण कोबेत आहेत. विद्यापीठात आहेत, बंदराकडच्या कंपन्यांत आहेत. काहीजण तर तोकिता-सान राहतात त्याच तारुमी भागातून रोज गाडीने जात असतील. त्यांचं घर स्टेशनच्या वरच्या अंगाला, चढावर आहे. पत्ता मी इथे छापत नाही. मला फोन करा, मी सांगते. तळमजला, आणि ओनुकी-सान म्हणतात, खिडकीबाहेर निळ्या ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी लांबट असेल. ती ताडपत्री दिसली की घर बरोबर.

माझं नाव घेऊ नका. भारतीय आहात हेही आधी सांगू नका, मीच पाठवलंय हे त्यांना लगेच कळेल. सहज इकडून चाललो होतो, ताडपत्रीखाली चाकं दिसली, कुठलं इंजिन आहे हो हे, एवढं विचारा. ते बोलायला लागले तर ऐकून घ्या, वेळ लागेल. जपानी येत नसेल तरी चालेल, त्यांना त्याची सवय आहे. आणि बेल वाजवून कुणी दार उघडलं नाही, तर परत फिरू नका. पेपर दाराच्या फटीत साचलेत का बघा, शेजारच्यांना विचारा, दार पुन्हा वाजवा. ह्या आठवड्यात कुणीतरी जा.